नेसरीच्या वाटेवरची थरथर

गाडी पहिल्यांदा थरथरली ती कागलच्या पुढं, हायवेवर, थंडीतल्या एका सकाळी. उसाला तुरे आले होते. धुकं त्या तुऱ्यांच्या जरा वर अधांतरी थांबलं होतं, आणि त्या पांढऱ्या पट्ट्याखालून रस्ता कुठं जातोय ते न बघताच गाडी जात होती असं वाटत होतं. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. हळूहळू लक्षात आलं की हात आपोआप हलताहेत. वेग कमी केला तर हात शांत झाले. पुन्हा वाढवला, ऐंशीच्या जवळ गेले, तर पुन्हा ती बारीक थरथर बोटांतून कोपरापर्यंत आली. मला त्या वेळी काळजी वाटली नाही. झोपेतून पुरती बाहेर न आलेल्या माणसाला जसं सगळं मान्य असतं, तसं मी तेही मान्य केलं आणि पुढं गेले.

गाडी जुनी आहे. नवऱ्यानं नवी घेतली तेव्हा ही माझ्याकडं आली. तो म्हणायचा, विकून टाकू. मी म्हणायचे, असू दे. त्या दिवशी मी तीच घेऊन कोल्हापुराहून नेसरीला निघाले होते, आत्तीला आणायला.

वडिलांच्या बहिणीला आमच्याकडं आत्तीच म्हणतात. कर्नाटकची हद्द जवळ, त्यामुळं नात्यांच्या नावांना तिकडचा सूर लागलेला. आत्तीचा नवरा लवकर गेला आणि त्याची पिठाची गिरणी तिच्यावर आली. ती तिनं चालवली, गुडघे साथ देईनासे झाले तोपर्यंत. मोटर, पट्टा, दगड यांच्या आवाजात तिचं सगळं तरुणपण गेलं आणि त्याच आवाजानं तिचे कान नेले. कधी नेले ते तिलाही सांगता येत नाही. थोडे थोडे गेले. आधी पाखरं गेली म्हणते, मग फोन, मग माणसं. तिच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून, ओठ मोठे हलवून बोलावं लागायचं. उरलेलं हातवाऱ्यांनी.

दिवाळीनंतर एकदा ती गावातल्या रस्त्यानं चालली होती आणि मागून उसाचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर हॉर्न देतोय, देतोय, हिला पत्ता नाही. शेवटी तो खाली उतरला आणि हिचा दंड धरून हिला बाजूला केलं. तिनं हे मला हसत सांगितलं. ‘बिचारा म्हणला, मावशी, जरा सरका की. म्हंजे तसंच कायतरी म्हणला आसंल,’ असं म्हणाली. मला हसू आलं नाही. मी तिला कोल्हापुरात कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. यंत्र बसेल म्हणाले, पण मापं घ्यायची, आवाज कमी-जास्त करून बघायचा, म्हणजे तिला पुन्हा पुन्हा आणायला लागणार. एसटीची पायरी तिच्या गुडघ्यांना चढवत नव्हती. म्हणून ठरलं की शनिवारी सकाळी मी जायचं, तिला घेऊन यायचं आणि रविवारी परत सोडायचं.

त्या पहिल्या शनिवारी परतताना आत्ती माझ्या शेजारी बसली. तिला खिडकीतून बघत बसायला आवडतं. गडहिंग्लज मागं पडलं, रस्ता मोकळा झाला, तशी तिनं नजर आत वळवली. हाताचा तळवा समोर डॅशबोर्डवर ठेवला. मग सीटच्या कडेला. मग चप्पल काढून पाय खाली पत्र्यावर टेकवला आणि तशीच थोडा वेळ बसून राहिली.

‘गाडीला काय झालंय?’ तिनं मोठ्यानं विचारलं. तिचं बोलणं सगळं मोठ्यानंच असतं.

मी हातानं खूण केली, काही नाही.

‘काय न्हाय कसं? पट्टा सैल झाला की गिरणी आशीच करती. पट्टा बगून घे.’

सोमवारी मी गाडी उद्यमनगरात आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडं नेली. त्यांना आत्तीचं म्हणणंही सांगितलं. त्यांनी बॉनेट उघडून पट्टा दाबून बघितला. पट्टा चांगला होता. मग त्यांनी मला विचारलं, कधी थरथरते, किती वेगाला, ब्रेक दाबल्यावर वाढते का, उभी असताना होते का. मी सांगत गेले आणि सांगता सांगता कळलं की मला यातलं अर्धंच माहीत होतं.

‘स्टिअरिंग हलतंय म्हणजे पुढची चाकं,’ ते म्हणाले. ‘बॅलन्सिंग करून देतो. चालवून बघा. हातात आलं तर पुढं, बसायला आलं तर मागं, एवढं ध्यानात ठेवा.’

चाकं मशीनवर फिरवून त्यांनी रिमच्या कडेला शिशाचे लहान तुकडे ठोकले. पुढच्या शनिवारी ऐंशीला गेले, त्याच्याही पुढं गेले. स्टिअरिंग शांत. निपाणीच्या आसपास ऊन वर आलं होतं. हद्द ओलांडली की पाट्यांवरची अक्षरं गोल गोल होतात, मला ती वाचता येत नाहीत, आणि वाचता न येणाऱ्या पाट्यांच्या रस्त्यावर डोकं फार निवांत चालतं. मी नेसरीला कशी पोचले ते मला नीट आठवतही नाही. आत्तीला गाडीत बसवताना मी अंगठा उंचावून सांगितलं, झालं, गेलं.

महागाव मागं पडलं असेल-नसेल, ती म्हणाली, ‘गेलं न्हाय.’

मी मान हलवली. हातात काहीच येत नव्हतं.

‘तुझ्या हातात न्हाय. हितं हाय.’ तिनं गिअरवरचा माझा डावा हात उचलला आणि तिच्या सीटच्या कडेवर, पत्र्याजवळ ठेवला. आधी मला काही लागलं नाही. मग लागलं. पहिल्यासारखी बारीक थरथर ती नव्हती. लहान मुलाला झोपवताना पाठीवर थोपटावं, तसं काहीतरी खालून, संथ, एका लयीत येत होतं. मी हात परत स्टिअरिंगवर घेतला, तरी ते थोपटणं तळव्यात राहिलं.

त्यानंतर मला त्याच्याशिवाय दुसरं काही जाणवेना. मोठ्या सुट्टीत मी नेसरीला जायचे ते दिवस आठवू लागले. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की आत्ती मला गिरणीतल्या भरल्या पोत्यांवर झोपवायची. पोती ऊबदार असायची, नुकत्याच दळलेल्या पिठाची. भिंतीला पाठ लावली की भिंत आतून गुणगुणायची. हवेत पीठ तरंगत असायचं आणि छपराच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या तिरपीत ते वर-खाली फिरत राहायचं. मी ते बघत बघत झोपायचे. गिरणी बंद झाली की माझी झोप मोडायची. एकदम सगळं थांबलेलं असायचं, आणि आत्ती केसांपासून पायापर्यंत पांढरी होऊन दारात उभी असायची. तेव्हा तिला ऐकू येत होतं. मी हाक मारली की वळायची.

परतीच्या वाटेवर मिस्त्रींचे प्रश्न मनात घेऊन मी गाडी चालवत होते. तवंदी घाटाच्या उतारावर मागं कोणी नाही बघून ब्रेक हळू दाबला, मग जोरात. आत्तीकडं बघितलं. तिनं मान हलवली, काही फरक नाही. म्हणजे ब्रेकचं नव्हतं. निपाणीत चहाला थांबलो, तेव्हा गाडी चालू ठेवून नुसती उभी केली. आत्तीनं पाय टेकवून बघितलं. ‘आता न्हाय,’ म्हणाली.

राहिलं इंजिन की चाकं, हे बघायचं. ते तिला कसं सांगावं कळेना. चहाच्या टपरीसमोर मी तिच्यासमोर उभी राहिले, बॉनेटवर हात ठेवला आणि ओठ मोठे करून म्हटलं, ‘हे हळू करणार. तरी गाडी पळणार. तेव्हा कसं होतं ते तू मला सांग.’ ती माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होती. मग म्हणाली, ‘सांगतो की.’

कागलच्या अलीकडं रस्ता सरळ आणि मोकळा मिळाला. आत्तीनं डावा हात सीटच्या कडेला लावला होता आणि उजव्या हाताची दोन बोटं माझ्या दंडावर ठेवली होती. खालून जसं थोपटणं येईल तसं ती माझ्या दंडावर थोपटत होती. मी गाडी न्यूट्रल केली. इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला. तिला तो ऐकू येणार नव्हता. तिची बोटं होती त्याच लयीत पडत राहिली. मग गाडीचा वेग जसा उतरत गेला तशी तीही सावकाश होत गेली. मी परत गिअर टाकला, वेग वाढला, बोटं भराभर पडू लागली. गाडीत आम्ही दोघी, बाहेर दोन्ही बाजूंना ऊस, आणि माझ्या दंडावर ती टपटप. असं किती वेळ चाललं असेल कोण जाणे. बघायचं होतं ते बघून झालं होतं, तरी मी तिला थांब म्हटलं नाही.

‘मोटर न्हाय,’ शेवटी ती म्हणाली. ‘दगड हाय.’

मी मिस्त्रींना चाक म्हणून सांगितलं. त्यांनी गाडी उचलून मागची दोन्ही चाकं हातानं फिरवली, धरून हलवली. बेअरिंगला आवाज नव्हता, चाक कुठं सैल नव्हतं. टायर बाहेरून चांगले दिसत होते. मग हात पुसत त्यांनी मला विचारलं.

‘आत्ती डाव्या बाजूला बसतात ना? त्यांना जास्त लागतंय. पुढच्या शनिवारी त्यांना घेऊन आलात की दुपारी या. डावं मागचं चाक पुढं लावू, पुढचं मागं. रविवारी जाताना बघा. थरथर चाकाबरोबर पुढं आली, तर चाकातच काहीतरी आहे. तिथंच राहिली, तर मग गाडीत शोधू.’

तसं केलं. त्याच शनिवारी आत्तीला यंत्रही मिळालं. दवाखान्यातल्या शांत खोलीत ते घालून बसली, मान डोलावली, सगळं बरोबर म्हणाली. बाहेर रस्त्यावर आलो, एक रिक्षा गेली, आणि तिनं दोन्ही कान झाकून घेतले. गाडीत बसल्यावर यंत्र काढून डबीत ठेवलं. ‘नुस्तं घों घों. गिरणीत बसल्यागत वाटतंय. त्यापरास न्हाय तेच बरं.’ घरी रात्रीच्या जेवणालाही तिनं ते लावलं नाही. मला मनातून वाईट वाटलं.

रविवारी सकाळी निघालो. गावातून बाहेर पडेपर्यंत काही कळलं नाही. कागल गेलं, आणि स्टिअरिंग माझ्या हातात सावकाश डोलायला लागलं, किंचित डावीकडं, किंचित उजवीकडं. आत्तीनं सीटला हात लावला, पाय टेकवला, माझ्याकडं बघितलं. तिच्याकडं काही नव्हतं. मी स्टिअरिंगवरची बोटं सैल करून तिला दाखवलं. ती हसली. मलाही विचित्र आनंद झाला. इतके दिवस जे सीटखाली दडून बसलं होतं ते आता माझ्या हातात होतं.

पण घाट उतरताना ते वाढलं. चाळीसला आणलं तरी जाईना. आता ते डोलणं राहिलं नव्हतं, प्रत्येक फेऱ्याला एक हिसका बसत होता. घाट संपल्यावर रस्त्याकडेला एक रसवंती होती. मी गाडी तिच्यासमोर सावलीत घेतली आणि मिस्त्रींना फोन लावला.

‘पुढं चालवू नका,’ ते म्हणाले. ‘स्टिअरिंग पूर्ण वळवा, म्हणजे आतली बाजू दिसेल. इंजिन बंद करा आणि टायरवर हात फिरवून बघा.’

रसवाल्यानं आत्तीला प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. ती खुर्ची तिनं सरळ चाकाजवळ ओढली आणि वाकून टायरवर हात फिरवू लागली. काही लागलं नाही. मी गाडी हातभर पुढं घेऊन बंद केली. तिनं पुन्हा हात फिरवला. काही नाही. आणखी एकदा पुढं घेतली. या खेपेला मी स्वतः गुडघ्यावर बसून हात आत घातला, आतल्या कडेला, जिथं बाहेरून नजर पोचत नाही तिथं. लिंबाएवढा फुगवटा होता. मऊ. रबराखाली काहीतरी सुटलेलं. मी आत्तीचा हात धरून त्यावर ठेवला.

तिनं बोटांनी ते दाबलं आणि हात झटकन मागं घेतला. थोडा वेळ ती पदरानं बोटं पुसत राहिली.

‘हे फुटलं आसतं,’ ती म्हणाली. पहिल्यांदाच हळू आवाजात.

मी स्टेपनी काढली. जॅक लावण्याआधी नट सैल करायला गेले, पण ते काही सुटेनात. रसवाला गल्ल्यावरून उठून आला. ‘कुटलं पावणं?’ त्यानं विचारलं. मी नेसरी म्हटलं. ‘मंग आपलंच की,’ म्हणत तो पान्यावर उभा राहिला आणि नट एकेक करून सैल झाले. चाक बदलून झाल्यावर त्यानं आम्हाला आलं-लिंबू घातलेला रस दिला. जुना टायर आत्तीनं डिकीत टाकू दिला, पण त्याच्यावर एक पोतं झाकायला लावलं. का, ते तिनं सांगितलं नाही.

मी पन्नासच्या पुढं गेले नाही. गरज नव्हती. गाडी इतकी गुळगुळीत चालत होती की खाली रस्ता आहे की नाही अशी शंका यावी. रसामुळं तोंड गोड होतं. आत्तीनं एकदा सीटला हात लावला, मग मांडीवर दोन्ही हात ठेवून बसली. थोड्या वेळानं तिनं पिशवीतून डबी काढली. यंत्र कानात घातलं, वरचं बटण चाचपलं. मी तिकडं बघितलं नाही. बघितलं तर ती काढून टाकेल असं वाटलं.

संकेश्वरला हायवे सोडून गडहिंग्लजच्या रस्त्याला लागताना मी इंडिकेटर दिला.

‘हे टिकटिक काय वाजतंय?’ ती म्हणाली.

मी स्टिअरिंगजवळची दांडी दाखवली. वळण संपलं, टिकटिक थांबली. ती त्या दांडीकडं बघतच राहिली. ‘म्हंजे ह्ये रोजच वाजतंय?’

‘रोज,’ मी म्हटलं.

ती माझ्याकडं वळली. मी समोर बघत होते, माझे ओठ तिला दिसत नव्हते, तरी तिनं ऐकलं होतं. ‘बोल की आजून कायतरी,’ ती म्हणाली.

एवढी वर्षं तिला सांगायच्या गोष्टी मी हातवाऱ्यात मावतील एवढ्या करून सांगितल्या होत्या. आता बोल म्हटल्यावर काही सुचेना. ‘आत्ती, ऊस बघ किती वाढलाय,’ मी म्हटलं. ‘त्या झाडावर बगळे बसलेत. पुढं उसाचा ट्रॅक्टर चाललाय.’ असलंच काहीबाही.

ती ऐकत होती. मान एका बाजूला कलती करून, डोळे मिटून.

‘तुजा आवाज तुज्या आईगत झालाय,’ ती म्हणाली.

तिनं माझा आवाज शेवटचा नीट ऐकला तेव्हा मी परकर-पोलक्यात होते. मधल्या काळात तो कसा झाला हे तिला माहीत नव्हतं आणि मला तरी कुठं माहीत होतं? आईला जाऊन बरीच वर्षं झाली. आईचा आवाज मी विसरले आहे असं मला वाटायचं, कधी कधी झोपेच्या काठावर तो आठवायचा प्रयत्न करायचे आणि यायचा नाही. रस्ता समोर धूसर झाला. मी वेग आणखी कमी केला.

‘गप का झालीस?’ आत्ती कानाला हात लावून म्हणाली. ‘यंत्र बंद पडलं काय?’

‘नाही, चालू आहे,’ मी म्हटलं आणि परत बोलू लागले. गडहिंग्लज येईपर्यंत बोलले, बाजारातल्या गर्दीत बोलले, नेसरीपर्यंत बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. मधेच कधीतरी तिला झोप लागली होती. तिची मान खिडकीला टेकलेली, आणि मी तरीही बोलतच होते. मी जरा घाबरत, माझा स्वतःचा आवाज ऐकत होते.

मिस्त्रींनी नंतर तो टायर बघितला. आतल्या तारा तुटल्या होत्या, रबरानं नुसतं धरून ठेवलं होतं म्हणाले. मी चारही टायर नवे घातले. नवरा आता विकण्याची भाषा करत नाही.

आत्ती यंत्र रोज लावत नाही. गावात कोंबड्या फार ओरडतात म्हणते, आणि शेजारची सून भांडी आपटते. मी यायची असले की लावते. परवा गेले तेव्हा दारातच म्हणाली, ‘एकदा पन्हाळ्याला न्हे की मला. तितं वारं लई आसतं म्हणत्यात. ऐकून बगतो कसं वाजतंय.’

वारा यंत्रात शिरला की नुसती फडफड ऐकू येते, हे डॉक्टरांनी मला सांगून ठेवलंय. मी तिला ते सांगितलं नाही. या शनिवारी डबा घेऊन पन्हाळ्याला जाणार आहोत.